पॉल रोबसन यांची कारकीर्द नेमकी कशी थांबवली गेली?

प्रश्न : जुनी तबकडी

पॉल रोबसन या अमेरिकी गायक-अभिनेत्याविषयी वाचताना एक गोष्ट मला नीट उलगडत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

त्यांच्या पूर्वायुष्याची माहिती येथील अनेकांना असेलच. गुलामगिरीतून पळून आलेल्या आणि पुढे धर्मोपदेशक झालेल्या वडिलांचा हा मुलगा १९१५ मध्ये शिष्यवृत्तीवर रट्गर्स महाविद्यालयात गेला, तेथे वर्गात पहिला आला, अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलच्या अखिल अमेरिकी संघात लागोपाठ दोन वर्षे निवडला गेला आणि कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊनही शेवटी रंगभूमीवर आला. १९२५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये केवळ कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांची आणि लोकगीतांची मैफल केली, तेव्हा असा कार्यक्रम स्वतंत्रपणे उभा राहू शकतो हेच अनेकांना नवे होते. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, त्यांनी ऑथेल्लो साकारला. त्या नाटकाचे २९६ प्रयोग झाले आणि तेथे शेक्सपिअरच्या दुसऱ्या कोणत्याही नाटकाला सलग इतके प्रयोग लाभलेले नव्हते. १९४० च्या दशकात अमेरिकेतील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या मैफलींच्या गायकांत त्यांची गणना होत होती.

आणि १९५० नंतर हा माणूस जवळजवळ दिसेनासा होतो. माझी अडचण येथे सुरू होते. त्यांच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झाला नाही, ते तुरुंगात गेले नाहीत आणि त्यांच्या गाण्यावर बंदी घालणारा एखादा कायदाही झाला नाही. मग इतक्या मोठ्या कलावंताचा आवाज बंद करणे व्यवहारात कसे शक्य झाले? दुसरे असे की, मी वाचलेल्या लेखांपैकी निम्म्यांत ते हुतात्मा आहेत आणि निम्म्यांत स्टॅलिनच्या भजनी लागलेले भाबडे गृहस्थ. या दोन्हींच्या पलीकडचे कोणी काही सांगू शकेल का?

प्रतिसाद : खर्ज

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते ‘पासपोर्ट’ असे आहे. परंतु तेथपर्यंत येण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

रोबसन यांचे राजकारण हे उतारवयातील खूळ नव्हते. १९३७ मध्ये यादवी युद्धात सापडलेल्या स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या मदतीसाठी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या सभेत त्यांनी आपली भूमिका स्वच्छ शब्दांत मांडली होती : कलावंताने बाजू घेतलीच पाहिजे, स्वातंत्र्यासाठी लढायचे की गुलामगिरीसाठी हे त्याने ठरवले पाहिजे, मी माझी निवड केली आहे आणि मला दुसरा मार्ग नव्हता. त्यानंतर काही महिन्यांतच ते युद्ध चालू असलेल्या स्पेनमध्ये जाऊन सैनिकांसमोर गायले. १९४६ मध्ये झुंडबळींविरुद्ध कायदा करावा अशी मागणी घेऊन ते राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना भेटले आणि ती भेट खडाजंगीत संपली. म्हणजे ज्या वर्षांत त्यांना सर्वाधिक टाळ्या मिळत होत्या, त्याच वर्षांत ते हे सर्व उघडपणे करत होते. बदलले ते अमेरिकेचे वारे. महायुद्धात सोव्हिएत संघ मित्र होता तोवर त्यांची मते खपवून घेतली गेली; शीतयुद्ध सुरू होताच तीच मते देशद्रोह ठरली.

एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत त्यांनी केलेल्या भाषणाचे वृत्त अमेरिकेत अशा शब्दांत छापले गेले की, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आमच्यावर जुलूम केला त्यांच्या वतीने कृष्णवर्णीय अमेरिकी लोक सोव्हिएत संघाविरुद्ध लढायला जातील ही कल्पनाही करवत नाही. त्यांचे प्रत्यक्ष शब्द याहून वेगळे होते असे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. पण खुलाशाला बातमीचा वेग कधीच गाठता येत नाही. त्याच वर्षी २७ ऑगस्टला न्यूयॉर्क राज्यातील पीकस्किल येथे त्यांची मैफल जमावाने हल्ला करून होऊच दिली नाही. ४ सप्टेंबरला कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांनी कडे करून ती पार पाडली, सुमारे वीस हजार लोक आले आणि परतताना त्यांच्या मोटारींवर व बसवर दगडांचा वर्षाव झाला. शंभराहून अधिक माणसे जखमी झाली आणि पोलिसांनी फारसा हस्तक्षेप केला नाही. त्यानंतर सभागृहाच्या चालकाला नकार देण्यासाठी विचारसरणीची गरजच उरली नाही. ‘येथे दंगल होईल’ एवढे कारण पुरेसे होते. १९५० च्या मार्चमध्ये दिवंगत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील रोबसन यांचा सहभाग एनबीसी या प्रसारण कंपनीने रद्द केला. ध्वनिमुद्रिका दुकानांतून नाहीशा झाल्या. फुटबॉलच्या एका संदर्भग्रंथातून तर ते कधी खेळले होते हेच वगळले गेले, आणि हा क्षुद्रपणा मला इतर सर्वांपेक्षा अधिक बोलका वाटतो.

तरीही एवढ्याने ते संपले नसते. काळ्या यादीत गेलेले हॉलिवूडचे काही पटकथालेखक टोपणनावाने लिहीत राहिले. गायकाला ती सोय नसते. त्याने पहिला स्वर लावला की तो ओळखला जातो. रोबसन यांच्यासाठी खरी वाट होती युरोपची. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९३९ पर्यंत ते बहुतांश काळ लंडनमध्येच राहिले होते, वेल्सच्या खाणकामगारांत त्यांना घरच्यासारखे मानत असत आणि अमेरिकेतील सर्व दारे बंद झाली असती तरी परदेशातील मैफलींवर त्यांचे उत्तम चालले असते. परराष्ट्र खात्याने १९५० मध्ये त्यांचा पासपोर्ट रद्द केला तो नेमका या ठिकाणी बसणारा घाव होता. देशांतर्गत बहिष्कार हा व्यावसायिकांच्या भीतीने घडत होता. बाहेर पडण्याची वाट सरकारने स्वतः बुजवली. दोन्ही एकत्र आल्याशिवाय हा फास आवळला गेला नसता. त्यांचे वार्षिक उत्पन्न लाखभर डॉलरवरून काही हजारांवर आले.

सरकारी बाजूचा युक्तिवाद आज वाचला तर गंमत वाटते. कृष्णवर्णीयांना अमेरिकेत कसे वागवले जाते हा घरातला मामला असून त्याची वाच्यता परदेशात होऊ नये, असे त्यांना सांगण्यात आले. न्यायालयात खात्याने असेही मांडले की, हे गृहस्थ आफ्रिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षे राजकीयदृष्ट्या सक्रिय आहेत. आपण कम्युनिस्ट नाही असे प्रतिज्ञापत्र द्या, मग पाहू, हाही पर्याय त्यांच्यापुढे होता. १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका चौकशी समितीपुढे त्यांनी शपथेवर तसे सांगितलेलेच होते. परंतु पासपोर्टच्या बदल्यात तेच लिहून देण्यास त्यांनी ठाम नकार दिला, कारण नागरिकाच्या मतांची झडती घेण्याचा अधिकारच त्यांना मान्य नव्हता.

१९५२ च्या जानेवारीत तर कॅनडाला जाण्यासाठी अमेरिकी नागरिकाला पासपोर्ट लागत नसतानाही त्यांना सीमेवर अडवले. मग त्याच वर्षी १८ मे रोजी सीमेवरील पीस आर्च या कमानीपाशी मालमोटारीच्या फळीवर उभे राहून ते गायले. अमेरिकेच्या हद्दीत गायक आणि श्रोते मुख्यतः कॅनडाच्या बाजूला. खाणकामगारांच्या संघटनेने भरवलेल्या या मैफलीला हजारोंनी गर्दी केली आणि पुढील तीन वर्षेही ती होत राहिली.

प्रतिसाद : तळटीप

‘खर्ज’ यांचे विवेचन मला मान्य आहे. मात्र त्यात मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला बगल दिली गेली आहे, आणि रोबसन यांच्याविषयी आदर असणारे लोक नेहमी तेच करतात असा माझा अनुभव आहे.

जून १९४९ मध्ये ते मॉस्कोत होते. ज्यू रंगकर्मी सॉलोमन मिखोएल्स यांचा आदल्या वर्षी मृत्यू झाला होता, आणि तो अपघात नसून राजसत्तेने घडवलेला खून होता. ज्यू कवी इत्झिक फेफर हे रोबसन यांचे परिचित. ते कुठे आहेत, मला त्यांना भेटायचे आहे, असा आग्रह रोबसन यांनी धरला. फेफर तेव्हा अटकेत होते. त्यांना कोठडीतून काढून, नीटनेटके कपडे घालून हॉटेलवर आणले गेले. रोबसन यांच्या मुलाने पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रे असल्याचे फेफर यांनी खुणेने सुचवले आणि वरवर इकडच्या-तिकडच्या गप्पा मारता मारता, हातवारे व चिठ्ठ्यांच्या आधाराने, मिखोएल्स यांचे काय झाले आणि स्वतःचे काय होणार आहे ते कळवले. त्यानंतरच्या मैफलीत रोबसन यांनी मिखोएल्स आणि फेफर यांच्या मैत्रीचा जाहीर उल्लेख केला आणि नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्सा घेट्टोच्या लढ्याशी जोडले गेलेले गीत यिडिश या ज्यूंच्या भाषेत गाऊन दाखवले. त्या काळच्या मॉस्कोत हे धाडस होते, याबद्दल वाद नाही.

पण अमेरिकेत परतल्यावर त्यांनी काय केले? सोव्हिएत संघात ज्यूंचा छळ होत असल्याच्या बातम्या त्यांनी वार्ताहरांपुढे नाकारल्या. ऑगस्ट १९५२ मध्ये फेफर यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षाचे स्टॅलिन शांतता पारितोषिक रोबसन यांना जाहीर झाले आणि त्यांनी ते स्वीकारले. १९५३ मध्ये स्टॅलिनच्या मृत्यूनंतर त्यांनी भरभरून श्रद्धांजली लिहिली. अज्ञानातून घडलेली चूक आणि माहीत असून राखलेले मौन यांत फरक असतो, आणि येथे अज्ञानाची पळवाट उपलब्ध नाही. आपल्या देशातील अन्यायावर बोट ठेवणाऱ्यांच्या हाती आपल्या मौनामुळे बळ राहते, अशी त्यांची समजूत असावी. ती समजून घेता येते. समर्थनीय मात्र ठरत नाही. जो माणूस ‘कलावंताने बाजू घेतलीच पाहिजे’ असे म्हणतो, त्याला या मौनाचा जाब विचारण्याचा अधिकार फेफर यांच्या वाचकांना आहे.

प्रतिसाद : जुनी तबकडी

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. फेफर यांची हकिगत मला ठाऊक नव्हती आणि ती वाचून अस्वस्थ झालो. तरीही एक शंका राहते. सरकारने त्यांना अडवले ते फेफर यांच्याबद्दल गप्प बसल्यामुळे नव्हे. उलट, ते ज्या विषयांवर गप्प बसत नव्हते त्यामुळे. म्हणून हे दोन हिशेब एकाच वहीत मांडू नयेत, असे मला वाटते. आणखी एक विचारतो : त्यांच्याच समाजातील मान्यवर नेते त्या काळात त्यांच्या पाठीशी का उभे राहिले नाहीत?

प्रतिसाद : डावखुरा

नेत्यांचे थोडक्यात सांगतो. नागरी हक्कांची मोठी संघटना असलेल्या एनएएसीपीच्या नेतृत्वापुढे पेच असा होता की, वर्णभेदाविरुद्धच्या प्रत्येक मागणीवर ‘हे मॉस्कोहून आले आहे’ असा शिक्का मारला जात होता. रोबसन यांच्यापासून अंतर राखले तर ती मागणी तरी वाचेल, हे त्यांचे गणित होते. मला ते गणित आवडत नाही, परंतु समजते.

या संदर्भात बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांचे उदाहरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल साखळीतील वर्णबंदी १९४७ मध्ये रॉबिन्सन यांच्या पदार्पणाने मोडली. आणि ती उठवावी म्हणून १९४३ मध्येच जे शिष्टमंडळ बेसबॉलच्या आयुक्तांना भेटले त्यात रोबसन बोलले होते. त्याच रॉबिन्सन यांना १८ जुलै १९४९ रोजी प्रतिनिधीगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीने साक्षीला बोलावले, ते पॅरिसच्या भाषणाला उत्तर देण्यासाठी. रोबसन खरेच तसे म्हणाले असतील तर ते मला खुळचटपणाचे वाटते, असे रॉबिन्सन यांनी सांगितले. मात्र याच निवेदनात, कम्युनिस्ट पक्ष नव्हता तेव्हाही कृष्णवर्णीय लोक चिडलेले होते आणि वर्णभेद जाईपर्यंत ते चिडलेलेच राहतील, असेही त्यांनी बजावले होते. वर्तमानपत्रांनी पहिले वाक्य ठळक छापले आणि दुसऱ्याकडे काणाडोळा केला. रोबसन यांनी रॉबिन्सन यांच्यावर जाहीरपणे चिखलफेक करण्याचे टाळले. १९७२ च्या आत्मचरित्रात रॉबिन्सन यांनी लिहिले की, ज्याने आपल्या लोकांसाठी स्वतःची संपत्ती आणि कारकीर्द पणाला लावली त्या माणसाविषयी आपला आदर वाढत गेला आहे.

नेत्यांनी पाठ फिरवली तरी चर्चने फिरवली नाही, हेही नोंदवले पाहिजे. न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत रोबसन यांचे थोरले बंधू बेंजामिन हे एका जुन्या चर्चचे प्रमुख होते. मोठी सभागृहे मिळेनाशी झाली तेव्हा रोबसन अशा चर्चमध्ये आणि कामगारांच्या सभांत गात राहिले. म्हणून ‘आवाज बंद केला’ हे पूर्णांशाने खरे नाही. ज्यांच्यासाठी गायचे असे ते म्हणत होते, त्यांच्यातील काहींपर्यंत तो पोहोचतच होता; थांबला तो बाजार.

प्रतिसाद : वादी-प्रतिवादी

कायद्याच्या अंगाने थोडी भर घालतो, कारण पासपोर्ट परत कसा मिळाला हे अजून आलेले नाही.

रोबसन यांच्या स्वतःच्या दाव्याला न्यायालयात दाद मिळाली नाही. १२ जून १९५६ रोजी त्यांना वर उल्लेखिलेल्या प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे उभे केले गेले, तेही पासपोर्टच्याच विषयावर. रशिया इतका आवडतो तर तेथेच का राहिला नाहीत, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : माझे वडील गुलाम होते, हा देश उभारण्यासाठी माझे लोक मेले, म्हणून मी येथेच राहणार आणि तुमच्याइतकाच या देशातील माझा वाटा घेणार. खरे अमेरिकाविरोधी तुम्हीच आहात, असेही त्यांनी समितीला सुनावले. साक्ष गाजली, पासपोर्ट मिळाला नाही. तो मिळाला चित्रकार रॉकवेल केंट यांच्या दाव्यामुळे. १६ जून १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, नागरिकाची मते किंवा संबंध पाहून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, परराष्ट्रमंत्र्यांना दिलेलाच नाही. एका मताच्या फरकाने मिळालेला हा न्याय आठ वर्षे उशिरा आला.

मधल्या काळात एक मजेशीर वाट सापडली होती. १९५६ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली दूरध्वनी तार सुरू झाली आणि तिच्यावरून गाणे बऱ्यापैकी स्वच्छ ऐकू जाई. १९५७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये बसून रोबसन लंडनच्या श्रोत्यांसाठी गायले आणि ऑक्टोबरमध्ये वेल्समधील पोर्थकॉल येथे जमलेल्या हजारो खाणकामगारांसाठी. तेथल्या समूहगायकांनी त्याच तारेवरून त्यांना आपली गाणी ऐकवली. पासपोर्ट माणसाला अडवत होता, स्वराला अडवण्याचे कलम कोणाला सुचले नव्हते.

मराठी वाचकांसाठी एक जवळचा संदर्भही आहे. ९ एप्रिल १९५८ रोजी, म्हणजे पासपोर्ट मिळण्याच्या आधी, रोबसन यांचा साठावा वाढदिवस भारतात साजरा करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला होते आणि पंतप्रधान नेहरूंनी त्यासाठी गौरवाचे निवेदन दिले. १९३८ मध्ये लंडनला आलेल्या नेहरूंच्या स्वागतसभेत रोबसन बोलले होते, तेव्हापासूनची ही ओळख. अमेरिकी वकिलातीने आपली नापसंती कळवली, तरी समारंभ रद्द झाला नाही. विशेष म्हणजे त्याच वर्षी छगला भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. त्यांचे हे अध्यक्षपद त्या नेमणुकीच्या आड आले नाही, हे दोन्ही देशांच्या मुत्सद्द्यांच्या शहाणपणाचे लक्षण मानावे लागेल.

प्रतिसाद : खर्ज

‘तळटीप’ यांचा आक्षेप मी मान्य करतो. फेफर प्रकरणाचा उल्लेख माझ्या प्रतिसादात यायला हवा होता. पण ‘जुनी तबकडी’ यांनी दोन वह्यांची जी गोष्ट काढली तिच्याशी मी अधिक सहमत आहे. रोबसन यांनी स्टॅलिनचा जाहीर निषेध केला असता तर त्यांना पासपोर्ट मिळाला असता का? कदाचित मिळालाही असता. मात्र, घरातला मामला बाहेर काढू नका ही अट त्यानंतरही राहिलीच असती, कारण परराष्ट्र खात्याच्या कागदांत आफ्रिकेचा उल्लेख होता तो उगाच नव्हे.

राहता राहिला एक मुद्दा : परत मिळालेल्या स्वातंत्र्याचे काय झाले? १९५८ च्या जुलैमध्ये ते लंडनला गेले. १९५९ मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, पुन्हा ऑथेल्लो केला. वयाची एकसष्टी आणि शरीर थकलेले, तरी प्रेक्षक अक्षरशः लोटले. १९६० च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीच्या ऑपेरा हाउसचे बांधकाम चालू असताना ते तेथील मजुरांसाठी गायले, म्हणजे त्या वास्तूत नामांकित कलावंताची पहिली मैफल परांचीवर बसलेल्या लोकांनी ऐकली. याचा अर्थ असा की मागणी होती, आवाज होता आणि श्रोतेही होते. आठ वर्षांच्या बहिष्काराला ‘लोकांनीच त्यांना नाकारले’ असे जे म्हटले जाते ते या तीन वर्षांपुढे टिकत नाही.

१९६१ च्या मार्चमध्ये मॉस्कोत त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. पुढे लंडनच्या रुग्णालयात त्यांना मानसोपचार म्हणून वारंवार विजेचे झटके देण्यात आले, नंतर पूर्व बर्लिनमध्ये उपचार झाले आणि १९६३ अखेर ते अमेरिकेत परतले, ते जवळजवळ निवृत्त होऊनच. या आजाराचे खापर थेट सरकारवर फोडणारे बरेच लेखन आढळते. पुराव्यांत तेवढे बळ मला दिसत नाही, म्हणून मी तेथे थांबतो. पण साधा हिशेब कोणालाही करता येईल. पासपोर्ट गेला तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते आणि मिळाला तेव्हा साठ. खर्जातल्या गायकाची ही भरात असण्याची वर्षे. त्या वर्षांत त्यांनी परदेशात जे गायले असते त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्याच नाहीत, आणि ही भरपाई कोणत्याही निकालाने होणारी नव्हती. महाविद्यालयीन फुटबॉलच्या गौरवदालनात त्यांचे नाव लागले ते १९९५ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी.